अर्धा तास गारेगार, मग गरम हवा: दोनदा गॅस भरूनही न सुटलेलं कार एसीचं प्रकरण

गाडी पेट्रोल हॅचबॅक, आठेक वर्षं जुनी, बेल्टवर फिरणारा कंप्रेसर, त्याच्या तोंडावर त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा मॅग्नेट क्लच, आणि आत साधे हाताने फिरवायचे नॉब. मालक शाळेत शिक्षक, त्यामुळे वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना सरच म्हणतो. तक्रार अशी की अमरावतीहून नागपूरला निघालं की सुरुवातीला एसी एकदम मस्त, मागे बसलेल्या वडिलांना शाल लागते इतका, आणि मोझरी सोडून तिवसा जवळ आलं की व्हेंटमधून गरम हवा. हळूहळू कमी होणं वगैरे काही नाही, पाच मिनिटांत खेळ खलास. मग तळेगावला चहाला थांबून पुन्हा गाडी चालू केली तरी गरमच, आणि नागपूरला पोचून गाडी दोन-तीन तास सावलीत उभी राहिली की परतीला पुन्हा पहिला अर्धा तास गार. महिना मेचा, बाहेर 43-44 डिग्री, आणि गाडीत ऐंशीच्या घरातले वडील ज्यांना नियमित तपासणीला न्यावंच लागतं. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही, हे विदर्भात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. पहिल्या ठिकाणी 'गॅस कमी आहे' म्हणून भरला, दुसऱ्या ठिकाणी 'आधीच्याने नीट भरला नाही' म्हणून वरून आणखी टाकला, आणि तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की कंप्रेसर गेला, नवीन टाका, वीस हजाराच्या आसपास खर्च येईल. सर बिचारे वैतागून म्हणले, "भाऊ, कंप्रेसरच गेला असन तर तसं सांगा, पण एकदाचं काय ते सांगा, दरवेळेस गॅस भरून मी थकलो." हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण अशा गाड्या दर उन्हाळ्यात येतात आणि बहुतेक वेळा गॅसचा डबा आधी उघडला जातो आणि गॅसचा दाब दाखवणारा गेज नंतर लावला जातो, किंवा लावलाच जात नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ते बंद सर्किट आहे, तोच गॅस फिरत राहतो. कंप्रेसर दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता बाहेर जाऊन त्याचं लिक्विड होतं, एक्सपान्शन वॉल्व्हच्या बारीक भोकातून तो डॅशबोर्डमधल्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना केबिनच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. आपल्या गाड्यांतला 134ए गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे 26 डिग्रीला उकळतो, म्हणून तर हे सगळं जमतं. रबरी पाइपांतून आणि कंप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाकाठी थोडासा निसटतो हे खरं, पण जो गॅस तीन महिन्यांत 'संपतो' तो लीक झालेला असतो आणि ते लीक शोधल्याशिवाय भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं. आणि सरांच्या गाडीत तर मुळात गॅस कमी असण्याचं लक्षणच नव्हतं! गॅस कमी असला तर सुरुवातीपासून थंडपणा कमी असतो. इथे पहिला अर्धा तास शाल लागत होती.

म्हणून मी 'एसी गरम हवा देतो का' यापेक्षा 'कधी देतो' हे जास्त वेळ विचारत बसतो. बरेच जण याला टाइमपास समजतात पण अर्धं निदान इथेच होतं. सरांना विचारलं ते असं: गरम होते तेव्हा हवेचा जोर तोच राहतो का कमी होतो? सर म्हणले जोर तोच. सिग्नलला उभी असताना जास्त होतं का पळताना? म्हणले गावात पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं तेव्हा काही होत नाही, हायवेवरच होतं. गरम म्हणजे हीटरसारखी का बाहेरच्या हवेसारखी? बाहेरच्यासारखी. त्या वेळी एसीचं बटण बंद करून चालू केलं तर? कधी कधी चालू होतो, बहुतेक वेळा नाही. एकदा खड्ड्यात गाडी आदळली आणि आपोआप गार हवा सुरू झाली, हे त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि खरं सांगतो, तिथेच माझं लक्ष गेलं.

या उत्तरांनी काय काय बाजूला पडलं ते बघा. अर्ध्या तासाने गरम होणाऱ्या एसीत पहिला संशय कूलिंग कॉइलवर बर्फ जमण्याचा असतो, थर्मिस्टर म्हणजे कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर बिघडला की कंप्रेसर थांबतच नाही आणि कॉइल बर्फाने भरून जाते. पण त्यात हवेचा जोर मरतो, ब्लोअर चारवर असला तरी व्हेंटमधून फुंकर आल्यासारखी हवा येते, आणि एसी बंद करून दहा-पंधरा मिनिटं ठेवला की बर्फ वितळून सगळं नॉर्मल होतं, पायाशी पाणी पण सांडतं कधी. इथे जोर तोच होता आणि चहाच्या स्टॉपनंतर पण गरम होतं. म्हणजे बर्फ नाही. दुसरा संशय कंडेन्सरच्या पंख्याचा. पंखा बंद पडला तर उलटं होतं, सिग्नलला गरम आणि हायवेला गार, कारण पळताना समोरून वारा मिळतो. सरांची गाडी नेमकी हायवेलाच गरम, म्हणून पंखा पहिल्या नंबरवर नाही. तिसरं म्हणजे हवा गरम-थंड मिसळणारा फ्लॅप सरकणं, त्यात हवा हीटरसारखी येते आणि बॉनेटखालचा जाड सक्शन पाइप मात्र हाताला गार आणि घाम सुटलेला लागतो. हे तपासायला तर अवजार पण लागत नाही, हात पुरे, फक्त बेल्ट आणि पंख्यापासून सांभाळून. चौथं म्हणजे सिस्टीममध्ये ओलावा राहणं, ते पाणी एक्सपान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं, वाट बंद होते, थोड्या वेळाने वितळलं की पुन्हा चालू. दोनदा व्हॅक्यूम न करता गॅस भरलेली गाडी असल्यामुळे हा संशय मी खिशात ठेवला होता, टाकून दिला नव्हता.

सकाळी इंजिन थंड असताना गेज लावले. वर्कशॉपमध्ये तेव्हा साधारण 32 डिग्री. दोन्ही बाजूंना, म्हणजे कंप्रेसरकडे गॅस येतो ती लो साइड आणि दाबून बाहेर जातो ती हाय साइड, दाब 105 पीएसआयच्या आसपास. इथे बऱ्याच पोरांचा गैरसमज होतो, इंजिन बंद असताना गेजवर शंभर दिसलं की 'गॅस बरोबर आहे' म्हणतात. आत थोडासा जरी लिक्विड गॅस असेल तरी बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो, 32 डिग्रीला 134ए साधारण तेवढंच दाखवणार, मग आत 200 ग्रॅम असो नाहीतर 500. त्यातून एवढंच कळतं की सिस्टीम रिकामी नाही, आणि आकडा तापमानाला जुळतोय म्हणजे आत हवा फारशी शिरलेली नाही. किती गॅस आहे हे काट्यावर वजन केल्याशिवाय कळत नाही.

मग चालू करून बघितलं. दुपारची वेळ मुद्दाम धरली, सावलीत 41 डिग्री होते. 1500 आरपीएमला लो साइड 50 च्या वर आणि हाय साइड 340 च्या आसपास. या उन्हात लो साइड 35 ते 42 आणि हाय साइड 250 ते 280 ला मी समाधानी असतो. दोन्ही काटे वर म्हणजे एक तर कंडेन्सरमधून उष्णता बाहेर जात नाही किंवा गॅस जास्त झालाय. पंखा दणकून फिरत होता, कागद धरला तर ग्रिलला चिकटत होता. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कापसाचा आणि धुळीचा नमदा बसला होता तो खालून पाणी मारून काढला (पाण्याचा जोर कमी ठेवा, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकतात), त्याने हाय साइड थोडी उतरली पण तरी 320 च्या खाली येईना. म्हणजे गॅस जास्त होता, बहुतेक.

पण जास्त गॅसने सरांची तक्रार पूर्ण समजत नाही. फार गॅस झाला तर हाय साइड साधारण 450 पीएसआयच्या आसपास गेल्यावर प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो, जिवाला धोका नको म्हणून, आणि दाब उतरला की पुन्हा चालू करतो. आपण 340 ला होतो, आणि हायवेवर वारा मिळाल्यावर तर दाब आणखी कमी असणार. मग तिवशाला काय होतं?

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. गॅस भरला त्या दोन्ही ठिकाणी गाडी कशी तपासली होती हे सरांना विचारलं. बॉनेट उघडं, चारी दरवाजे उघडे, पोरगा आत बसून रेस देतोय, अर्धा तास चालवली आणि गार हवा येतेय म्हणून 'ओके आहे सर, घेऊन जा'. दरवाजे उघडे ठेवले की बाहेरची 40 डिग्रीची हवा सतत आत येत राहते, कूलिंग कॉइल कधीच पुरेशी थंड होत नाही आणि कंप्रेसर एकदाही कट न होता चालत राहतो. हायवेवर काय होतं? काचा बंद, रिसर्क्युलेशन म्हणजे केबिनचीच हवा पुन्हा फिरवणं चालू, अर्ध्या-पाऊण तासात केबिन खरंच थंड होते, कॉइल 3-4 डिग्रीला पोचते आणि थर्मिस्टर कंप्रेसरला विश्रांती देतो. कॉइल जराशी तापली की कंप्रेसर पुन्हा पकडायला पाहिजे. म्हणजे पहिला अर्धा तास क्लचला एकदाच चिकटायचं असतं, तेही थंड असताना. दुसऱ्यांदा चिकटायची वेळ येते तेव्हा तो भट्टीसारखा तापलेला असतो. सरांच्या घरून शाळेपर्यंतच्या फेरीत ही वेळच येत नव्हती, म्हणून गावात एसी कधी बिघडला नाही.

म्हणून मी गाडी सरांसारखी चालवायची ठरवली, जागेवरच. गेजचे पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर काढले, बॉनेट खाली टेकवलं, काचा-दरवाजे बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर दोनवर, मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर, क्लचच्या वायरीवर आधीच करंट मोजणारं क्लॅम्प मीटर अडकवलेलं आणि कनेक्टरच्या मागून मल्टीमीटरच्या पिना खुपसलेल्या. दोन्ही मीटरांच्या वायरी लांब करून बाहेर आणल्या. आणि वाट बघत बसलो. व्हेंट 12 वर होता तो हळूहळू 10, 9 करत खाली आला, पाऊण तास होत आला तेव्हा कट झाला, टक् आवाज आला, क्लॅम्प मीटर शून्यावर. थोड्या वेळाने थर्मिस्टरने पुन्हा कंप्रेसर मागितला, क्लॅम्प मीटर एकदम 2.9 अँपिअरवर गेला. पण टक् आवाज आला नाही. लो साइडचा काटा चढायला लागला, 50, 70, 90, हाय साइडचा उतरायला लागला, आणि चार-पाच मिनिटांत दोन्ही काटे एकमेकांच्या जवळ येऊन थांबले. व्हेंट 25 च्या पुढे गेला. बॉनेट उचलून टॉर्च मारला तर पुली बेल्टबरोबर फिरतेय आणि तिच्या पुढची क्लच प्लेट ठप्प उभी.

हाच क्षण पकडायचा असतो, बाकी सगळं नंतर. ओलाव्याचा संशय पण इथेच संपला, कारण वॉल्व्हमध्ये बर्फ झाला असता तर कंप्रेसर ओढत राहिला असता आणि लो साइड व्हॅक्यूममध्ये गेली असती, इथे ती वर चढली.

आता प्लेट का चिकटली नाही? कारणं दोन गटांत जातात, एक म्हणजे क्लचमधल्या चुंबकाच्या कॉइलला पुरेशी वीज मिळत नाही, दुसरं म्हणजे वीज मिळते पण ओढ कमी पडते. कनेक्टर जोडलेला असताना व्होल्टेज 13.6. 'जोडलेला असताना' यावर मी जोर देतोय कारण कनेक्टर काढून मोजलं तर जळक्या रिलेतून सुद्धा पूर्ण 13-14 व्होल्ट दिसतात, लोडच नसतो ना. अर्थिंगच्या बाजूला व्होल्टेज ड्रॉप नावापुरता. 2.9 अँपिअर वाहतायत म्हणजे कॉइल तुटलेली नाही, फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मिस्टर, ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, सगळे आपलं काम करतायत, सगळ्यांनी 'चालू कर' म्हणलंय. काही कंप्रेसरवर तापमान वाढलं की लाइन तोडणारा छोटा प्रोटेक्टर असतो, तो उघडला असता तर करंट शून्य असता. म्हणजे वीज नाही, ओढ.

इंजिन बंद केलं, चावी काढली, आणि बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या वायरीने क्लचला थेट 12 व्होल्ट दिले. प्लेट हलली नाही. लाकडी दांडीने प्लेटला जरासं आत दाबलं, टक्, चिकटली, आणि मग हाताने ओढून सुटेना. वायर काढली, प्लेट सुटली. पुन्हा वायर लावली, नाही चिकटली. खड्ड्यात आदळून एसी सुरू होण्याचं कोडं तिथेच सुटलं, दणक्याने प्लेट जरा आत सरकली आणि चुंबकाने पकडली. (हे चालू इंजिनवर करू नका, कृपा करून. फिरत्या पुलीत दांडी घालताना बोटं गेलेली माणसं या धंद्यात आहेत.)

क्लच प्लेट आणि पुलीच्या मधे मोकळी फट असते, कॉइलला वीज मिळाली की चुंबक तयार होऊन प्लेट ती फट ओलांडून पुलीला चिकटते आणि कंप्रेसरचा शाफ्ट फिरायला लागतो. ही फट बहुतेक कंप्रेसरमध्ये 0.3 ते 0.6 मिलिमीटर लागते. दरवेळी चिकटताना प्लेट थोडी घासते, तशी ती पुलीही घासते, आणि वर्षांनुवर्षं फट वाढत जाते. टाचणीपासून लोहचुंबक थोडं लांब धरलं की टाचणी जागची हलत नाही आणि जरा जवळ नेलं की उडी मारून चिकटते, अगदी तसं. एकदा चिकटल्यावर मधे फटच नसते, म्हणून कमी ताकदीत पण पकड राहते. अडचण फक्त पहिल्या उडीची.

आणि उन्हाचा संबंध काय? कॉइल तांब्याच्या तारेची, तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, प्रत्येक डिग्रीला साधारण 0.4 टक्के. फेल झाल्या झाल्या कनेक्टर काढून मोजला तर 4.7 ओहम. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना तीच कॉइल 3.6 ओहम. एवढा फरक म्हणजे कॉइल तापून 110 डिग्रीच्या आसपास गेली होती. सकाळी 13.6 व्होल्टवर पावणेचार अँपिअर गेले असते, तापल्यावर 2.9. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, म्हणजे करंट पाव हिश्श्याच्या जवळपास कमी झाला तर ओढ 40 टक्के पडते. कॉइल खराब नाहीये, हे लक्षात घ्या, 3.6 ओहमची कॉइल एकदम निरोगी आहे, प्रत्येक गाडीत ती तापल्यावर अशीच ढिली पडते. फट बरोबर असेल तर तेवढी ओढ पुरते.

फिलर गेज म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या घालून फट मोजली. एका जागी 0.85, प्लेट फिरवून दुसऱ्या जागी 0.95. निदान संपलं.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. प्लेटच्या मधला बोल्ट काढायचा, प्लेट सरळ बाहेर ओढायची, आतमध्ये शाफ्टवर वॉशरसारख्या पातळ चकत्या असतात ज्यांना शिम म्हणतात. त्यातली 0.5 ची एक चकती काढली, प्लेट परत बसवली, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळला, आणि तीन ठिकाणी फट मोजली, 0.38 ते 0.45. सारखी नसेल तर प्लेट वाकलीय किंवा शाफ्टवर कचरा बसलाय असं समजायचं. फट फार कमी पण करायची नाही, 0.2 ला आणून ठेवली तर एसी बंद असताना पण प्लेट पुलीला घासत राहते, तापते, आणि महिन्याभरात क्लच जळतो. चकती काढायच्या आधी मी पुलीचा पृष्ठभाग नीट बघितला, त्यावर गोल रेघा होत्या पण निळसर जळकट डाग नव्हते. डाग असते तर क्लच घसरत होता असा अर्थ झाला असता आणि मग चकतीवर न थांबता पूर्ण क्लच सेट बदलायला सांगितला असता. पुलीचं बेअरिंग हाताने फिरवून बघितलं, आवाज नाही, हेलकावा नाही.

आता राहिला गॅसचा हिशोब. बरेच जण म्हणतील क्लच चालू झाला, सोडा आता. पण 340 ची हाय साइड तशीच ठेवली तर कंप्रेसरवर जास्त लोड येतो, तो जास्त तापतो, त्याच्या तोंडाला बसलेली कॉइल जास्त तापते, आणि आपण आत्ताच बघितलं की तापलेली कॉइल काय करते. माझं स्पष्ट मत आहे की या गाडीत वाढलेली फट आधीपासून असणार, पण त्या दोन जास्तीच्या गॅस भरण्यांनी दुखणं वाढवलं. सर पण म्हणले की पहिल्यांदा गॅस भरायच्या आधी एखाद्या वेळेस व्हायचं, भरल्यानंतर रोजचं झालं. रिकव्हरी मशीन लावून सगळा गॅस काढला, काट्यावर त्याचं वजन 460 ग्रॅम निघालं. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं माप 350 ग्रॅम. छोट्या गाडीत 110 ग्रॅम जास्त म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जास्त! तो स्टिकर बहुतेक गाड्यांत असतो, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर नाहीतर बॉनेटच्या आतल्या बाजूला, आणि गॅस भरणाऱ्याने काटा न वापरता 'अंदाजाने' भरला तर त्याला तो स्टिकर दाखवायचा पूर्ण हक्क गिऱ्हाइकाला आहे.

गॅस हवेत सोडून देणाऱ्यांबद्दल पण एक सांगतो. 134ए चा एक किलो हवेत सोडला तर पृथ्वी तापवायला तो तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1400 पट जास्त भारी पडतो. विदर्भातल्या माणसाने तरी वॉल्व्ह उघडून फुस्सदिशी गॅस सोडू नये. मशीन नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी पाठवावी.

गॅस काढल्यावर व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला, मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा बघितला, जागचा हलला नाही, म्हणजे मोठं लीक नाही. व्हॅक्यूमचं काम फक्त हवा काढणं नाही, आत राहिलेला ओलावा कमी दाबाला उकळून बाहेर येतो, म्हणून घाईघाईत पाच मिनिटं पंप लावण्यात अर्थ नसतो. गॅसबरोबर जेवढं ऑइल बाहेर आलं तेवढंच त्याच ग्रेडचं परत टाकलं, आणि काट्यावर मोजून 350 ग्रॅम गॅस. त्याच 41 डिग्रीच्या दुपारी, त्याच 1500 आरपीएमला लो साइड 38, हाय साइड 260. मधल्या व्हेंटला 7 डिग्री.

मग पुन्हा तीच परीक्षा, बॉनेट खाली, काचा बंद, तासभर. कट झाला, टक्, पुन्हा मागितला, टक्. पुन्हा कट, पुन्हा टक्. सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यांना प्रत्येक टक् ऐकायला लावला, कारण पुढे कधी शंका आली तर त्यांनाच घरी उभ्या गाडीत हे ऐकता यायला पाहिजे. संध्याकाळी त्यांच्याबरोबर नांदगाव पेठचा टोल ओलांडून तिवशापर्यंत गाडी नेली, ते स्वतः चालवत होते. तिवसा गेलं, वडाच्या सावलीत दहा मिनिटं इंजिन बंद करून थांबलो, कारण उभ्या गाडीत बॉनेटखालची गरमी उलट वाढते आणि क्लचला तो सगळ्यात अवघड वेळ असतो. चालू केली, गार हवा.

बिलात तपासणीची मजुरी, गॅस रिकव्हरी-व्हॅक्यूम-भरणी आणि थोडं ऑइल एवढंच आलं, सांगितलेल्या वीस हजारांच्या जवळपास पण नाही, आणि पार्ट म्हणाल तर एक चकती उलट कमी झाली. ती मी सरांच्या हातात दिली. त्यांना स्पष्ट सांगितलंय की आता आत फक्त एकच पातळ चकती शिल्लक आहे, दोन-तीन वर्षांनी फट पुन्हा वाढली तर ती काढून अजून थोडे दिवस निघतील, पण त्यानंतर क्लच सेट बदलावाच लागेल, आणि तेव्हाही फक्त क्लच, पूर्ण कंप्रेसर नाही, जोपर्यंत कंप्रेसर आतून आवाज करत नाही किंवा ऑइलमध्ये चमकणारा धातूचा चुरा दिसत नाही तोपर्यंत. आणि मधल्या काळात कोणी गॅस कमी आहे म्हणलं तर आधी गेज आणि व्हेंटचं तापमान दाखवायला सांगा, काचा बंद करून, पाऊण तास गाडी चालवून झाल्यावर.